आस्थापनेच्या मॅडम

कागद हातात आला, की मॅडम आधी तो उलटा करायच्या. मजकूर नंतर. अर्ज असो, मुख्यालयातून आलेलं परिपत्रक असो, कुणाच्या लग्नाची पत्रिका असो, पाठीमागची बाजू क्षणभर डोळ्यांखालून जायची, मगच कागद सुलटा व्हायचा. कुणी घाईघाईनं काही सहीला आणलं तर चष्म्यावरून बघत विचारायच्या, "मांगून पाह्यलं का?"

नवा माणूस गोंधळायचा. मीही गोंधळलो होतो. मागं काय असणार? कोरंच तर असतं.

त्यामागची गोष्ट मला वर्षभरानं कळली, तीही त्यांच्याकडून नाही, आमच्या म्हाताऱ्या शिपायाकडून. मॅडम नोकरीला नव्या असताना एका चौकीदारानं रजेचा अर्ज दिला होता. कारण लिहिलं होतं 'घरगुती काम'. परीक्षेचे दिवस, माणसं कमी. मॅडमनी अर्ज नामंजूर केला. अर्जाच्या पाठीमागं त्या चौकीदारानं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, की बायको दवाखान्यात आहे आणि डॉक्टर बरं बोलत नाहीत. पुढच्या बाजूला, साहेबलोक वाचतात तिथं, असं काही लिहायची त्याला लाज वाटली. मॅडमना ते चौथ्या दिवशी दिसलं. तोवर तो बायकोला स्मशानात पोहोचवून परत ड्युटीवर आला होता.

अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. एक चूक करतात आणि उरलेली सगळी नोकरी तिच्याभोवती फिरतात.

आमचं कार्यालय म्हणजे एका सरकारी विद्यापीठाचं वर्ध्याचं उपकेंद्र. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. सांगून फरकही पडत नाही, कारण खर्चकपातीची पत्रं त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी गेली होती. आर्वी रस्त्याला, गावाबाहेर, चार-पाच विषयांचे एम.ए.चे वर्ग, एक ग्रंथालय, मुलींचं एक वसतिगृह, एक विश्रामगृह आणि आम्ही. आम्ही म्हणजे आस्थापना विभाग. कोण कधी नोकरीला लागला, किती रजा घेतल्या, कधी निवृत्त होणार, हे सगळं ज्या खोलीत ठेवलेलं असतं ती खोली. तिथं मॅडम अधीक्षक होत्या आणि मी अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर कनिष्ठ सहायक.

मॅडम आर्वीच्या. रोज सकाळच्या एसटीनं यायच्या, संध्याकाळच्या एसटीनं जायच्या. सासरची भाजीची वाडी होती. यजमान आणि दीर ती बघायचे. त्यामुळे मॅडमच्या कापडी पिशवीत फायलींखाली कधी वांगी असायची, कधी मेथी, आणि हिवाळाभर सांभार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. संपूर्ण खोलीला त्याचा वास यायचा. सेवापुस्तकांनासुद्धा.

ती सेवापुस्तकं त्यांना पाठ होती. एका प्राध्यापकांच्या पुस्तकात जन्मसाल लिहिताना कुणीतरी चूक करून ठेवली होती. ते प्राध्यापक एकदा बढतीच्या कामासाठी तावातावानं आले आणि टेबलावर हात आपटू लागले. मॅडमनी त्यांचं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि फार मऊ आवाजात म्हणाल्या, "सर, कागदोपत्री तुम्ही नोकरीले लागले तवा चार वर्साचे होते. आधी तुमाले मोठं करू, मंग बाकीचं पाहू."

प्राध्यापक हसले, तेव्हा कुठं आम्हीही हसलो.

बोलणं असं अस्सल वऱ्हाडी आणि लिहिणं मात्र असं कोरीव सरकारी मराठी, की मुख्यालयातले लोक आमच्या टिप्पण्या नमुना म्हणून वापरायचे. मला टिप्पणी लिहायला त्यांनीच शिकवलं. एकदा म्हणाल्या, "बाबू, टिप्पणीत 'सदर पद' असंच लिहाव लागते. नियम आहे. पन लिहिताना डोयासमोर मानूस आनत जा. नाई त हात लई भरभर चालते."

मी तेव्हा मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं!

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला असेल. मुख्यालयाचं पत्र आलं. शासनानं सर्व विद्यापीठांना खर्चात कपात सुचवण्यास सांगितलं होतं; प्रत्येक उपकेंद्रानं 'अनावश्यक पदे व सुविधा' यांची यादी पंधरा दिवसांत पाठवावी. संचालकांनी मॅडमना बोलावलं. फाइल धरायला मी मागं.

संचालक पुण्याकडून बदलून आलेले. वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि भित्रेपणाची त्याला स्वतःलाच लाज वाटत असे, म्हणून तो फार हळू बोलायचा.

"मॅडम," ते म्हणाले, "मी विचार केलाय. मुलींचं वसतिगृह दाखवून टाकू. तिथला सगळा स्टाफ कंत्राटी आहे. कुणी कोर्टात जाणार नाही. एका ओळीत विषय संपेल."

मॅडमनी पत्र हातात घेतलं. उलटं केलं. बराच वेळ त्या कोऱ्या बाजूकडे बघत राहिल्या.

"मांगं काहीच नाई, सर," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हंजे कोन अनावश्यक, हे त्याईलेबी माईत नाई. पंधरा दिवस आहेत ना? मी जाऊन पाहून येतो."

आमच्याकडच्या बायका 'येतो', 'जातो' असंच म्हणतात. संचालकांना पहिले सहा महिने ते कानाला खटकायचं. त्या दिवशी दुसरंच काहीतरी खटकलं असावं. "बसून करता येईल की," ते म्हणाले.

"बसून नाई होत सर हे," मॅडम म्हणाल्या, आणि उठल्याच.

मग दहा-बारा दिवस आम्ही उपकेंद्रभर हिंडलो. मॅडम पुढं, मी वही घेऊन मागं. लोक आधी घाबरले, मग बोलायला लागले. मॅडम कुणालाच 'तुमचं काम काय' असं विचारत नव्हत्या. विचारायच्या, "तुम्ही उद्या नाई आले त कोनाचं अडन?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसाला वेळ लागतो. तुम्ही स्वतःला विचारून बघा.

विश्रामगृहात गेलो. दोन खोल्या, पलंगांवर ताणून बसवलेल्या चादरी, कोपऱ्यात न उघडलेला साबण. तिथला परिचर प्रामाणिक होता. म्हणाला, "मॅडम, दसऱ्यापासून कोनी आलं नाई. मी रोज धूळ झटकतो." त्याला ग्रंथालयात माणूस कमी आहे हे माहीत होतं, आणि जायची तयारीही होती. मॅडमनी तिथंच उभं राहून मला तशी बदली लिहून घ्यायला सांगितलं.

संचालकांची गाडी पाहिली. चालक मे महिन्यात निवृत्त होणार होता. त्यानंही खरं सांगितलं. गाडी बहुतेक वेळ सावली बघून उभी असते.

वसतिगृहात दुपारच्या जेवणाच्या वेळी गेलो. तेहतीस मुली होत्या. आष्टी, कारंजा, समुद्रपूर, अशा गावांमधल्या, जिथून रोज जाणं-येणं शक्य नाही. मॅडम सरळ पंगतीत जाऊन बसल्या. त्यांच्या शेजारी एक बारीक, काळीसावळी मुलगी जेवत होती. तिचं नाव सुवर्णा. आष्टीच्याही पुढच्या एका खेड्यातली. वडील भाजी पिकवायचे आणि आष्टीच्या बाजारात स्वतःच विकायचे. ती भूगोलाच्या पहिल्या वर्षाला होती.

"होस्टेल बंद झालं त काय करशीन?" मॅडमनी विचारलं. आडपडदा ठेवला नाही.

सुवर्णाचा घास थांबला. "घरचे परत बोलावतीन मॅडम. पाव्हने पाहून राह्यले माह्यासाठी."

"पाव्हने पाहून राह्यले, मंग इथं काऊन आली?"

"त्याच्याचसाठी त आली," सुवर्णा म्हणाली.

सगळी पंगत हसली. मॅडमही हसल्या. मग त्यांनी ताटातली भाकर मोडली आणि हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "मी पाहीन."

एवढंच. पण मुलींनी ते धरून ठेवलं. मीही धरून ठेवलं होतं, कारण त्या सहसा कुणाला शब्द देत नसत.

यादी त्यांनी हातानं लिहिली आणि टाइप करायला माझ्याकडं दिली. विश्रामगृह बंद. संचालकांची गाडी बंद. निवृत्तीनंतर चालकाचं पद भरू नये. अनेक वर्षं रिकामी असलेली चार पदं परत करावीत. मी भराभर टाइप करत होतो. मनात म्हणत होतो, काय बाई आहे! एकाही माणसाच्या पोटावर पाय न देता यादी केली.

पुढची ओळ होती : 'आस्थापना विभाग – कनिष्ठ सहायक (कंत्राटी) – एक.'

माझी बोटं थांबली. मला वाटलं दुसरं कुणीतरी असेल. आमच्या विभागात दुसरं कुणी नव्हतंच.

मॅडम समोरच बसल्या होत्या. माझ्याकडेच बघत होत्या; त्या ओळीची वाट पाहत असाव्यात.

"मॅडम, हे..."

"हो. तूच."

"पण काम तर..."

"काम मी करीन. उशिरापर्यंत बसाव लागन, बसीन." त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "हे तुह्या हातानं टाइप करून घ्याचं नव्हतं मले. पन दुसऱ्या कोनाकडून घेतलं असतं, त तुह्यापासून लपवल्यासारखं झालं असतं."

त्या सगळ्या यादीत हातचं काम जाणारा जिता माणूस एकच होता, आणि तो ती यादी टाइप करत होता.

"तुले दुसरं काम भेटन," त्या म्हणाल्या. "बरं नाई भेटनार, पन भेटन. तुह्या बापाचं घर वर्ध्यात आहे. त्या पोरी कुठं जातीन?"

मी खाली बघत पुढची ओळ वाचली. अधीक्षक, आस्थापना : विद्यमान अधीक्षक निवृत्त झाल्यावर पद रद्द करावे. म्हणजे त्यांचं स्वतःचं.

रागानं माणूस काय बोलेल सांगता येत नाही. मी म्हणालो, "तुमची तर वर्षभराचीच नोकरी राहिली. तुम्हाला काय!"

त्यांनी मान हलवली. "म्हनूनच ते सोपं होतं," म्हणाल्या. "तुह्यं सोपं नव्हतं."

मी उरलेलं टाइप केलं. एकही चूक झाली नाही, हे मला आजही आठवतं.

संचालकांनी यादी वाचली आणि गाडीच्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, माझी गाडी?"

"सर, तुम्ही क्वार्टरमधीच राह्यता. ऑफिस इथून दोनशे पावलं आहे. मी मोजले."

यादी चार दिवस त्यांच्या टेबलावर पडून राहिली. पाचव्या दिवशी ते दुपारी एकटेच चालत वसतिगृहाकडे जाताना दिसले. संध्याकाळी सही होऊन फाइल बाहेर आली. भित्र्या माणसानं केलेली ती सही मी कधी हलकी मानली नाही.

मार्चअखेर माझं कंत्राट संपलं. शेवटच्या दिवशी मॅडमनी मेथीची एक जुडी दिली. मी ती घेतली नाही. बसचा रस्ता ओलांडताना मागं वळून पाहिलं नाही. महिनाभरात मला सिंदी रेल्वे या गावी एका खासगी कॉलेजच्या कचेरीत काम लागलं. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळी यायचं. पगार आधीपेक्षा कमी, काम आधीपेक्षा जास्त. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं होतं, आणि त्याचाही मला राग होता.

जूनमध्ये आमचा जुना शिपाई वर्ध्याच्या बाजारात भेटला. त्यानं सांगितलं, मुख्यालयाचं उत्तर आलं. सुचवलेली सर्व कपात मंजूर. उपकेंद्रानं दाखवलेल्या सहकार्याबद्दल आभार. आणि शेवटच्या परिच्छेदात, चालू सत्रापासून मुलींचं वसतिगृहही बंद करण्यात येत आहे.

दिलं तेही घेतलं, आणि राखलं होतं तेही घेतलं.

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायला लाज वाटते. पण व्यक्तिचित्र लिहायचं तर आपलं चित्र तेवढं गोंडस काढून चालत नाही. माझ्या मनात आलं : बरं झालं. मला काढून काय मिळवलं बाईनं?

शिपाई म्हणाला, मॅडम तीन वेळा मुख्यालयात जाऊन आल्या. पहिल्या वेळी साहेब भेटले नाहीत. दुसऱ्या वेळी भेटले आणि म्हणाले, निर्णय झालेला आहे. तिसऱ्या वेळी मॅडम दिवसभर बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी त्या माझ्या घरी आल्या. पहिल्यांदाच. उन्हानं चेहरा रापलेला, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. आईनं पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी एकदम विषयाला हात घातला.

"तुही मावशी उपकेंद्राच्या मांगच्या कॉलनीत राह्यते ना? एकटीच?"

"हो."

"तिच्या वरच्या दोन खोल्या खाली आहेत म्हने."

मला कळायला एक क्षण लागला. मग डोक्यात तिडीक गेली. "माझं काम घेतलं तुम्ही. आता मावशीच्या खोल्यापण?"

आई मधे पडणार होती. मॅडमनी हातानंच तिला थांबवलं.

"हो," त्या म्हणाल्या. "मागाले आली. तीन पोरी राह्यतीन तिथं." मग म्हणाल्या, "तुले राग आहे, तो बरोबर आहे. राग राहू दे. खोल्या दे."

त्या माफी मागतील असं मला कुठंतरी वाटत होतं. मागितली असती तर मी मोठ्या मनानं दिली असती आणि खोल्यांचं काहीतरी कारण सांगून टाळलं असतं. त्यांनी मला ती सोयच ठेवली नाही.

मी चप्पल घातली आणि त्यांना मावशीकडं घेऊन गेलो.

मावशी कडक. काका गेल्यापासून घरात कुणाचा वावर तिला चालत नसे. ती म्हणाली, "पोरी म्हणजे जोखीम. उद्या काही झालं, तर लोक मला विचारतील."

"मले विचारतीन," मॅडम म्हणाल्या. "माह्यं नाव सांगजा. आर्वीचा पत्ता लिहून देतो."

"आणि तुम्ही कोण त्यांच्या?"

या प्रश्नावर मॅडम अडखळल्या. मी त्यांना अडखळताना पहिल्यांदाच पाहिलं. "मी आस्थापनेची," त्या म्हणाल्या.

मावशीला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. पण तिनं जिन्याची किल्ली काढून दिली.

असं करत त्यांनी त्या कॉलनीत दारोदार जाऊन एकवीस मुलींची सोय लावली. बारा मुली परत गेल्या. सुवर्णा त्या बारांमधली होती. मावशीच्या वरच्या खोलीत तिची जागा ठरली होती. दोघी आल्या, तिसरी खाट रिकामी राहिली. तिच्या वडिलांनी कळवलं होतं : होस्टेल म्हणजे सरकारचं होतं, तिथं पोरगी ठेवली. दुसऱ्याच्या घरात कशी ठेवू?

पुढच्या हिवाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला नाही, तोही कपातीतच गेला होता. शिपायानं घरून चहा आणला. मला बोलावलं होतं, म्हणून अर्धा दिवस रजा टाकून गेलो. संचालक चालत आले आणि दोन वाक्यं बोलले. मॅडमनी कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. घ्यायला कुणी नव्हतं. त्यांचं पद त्या दिवसापासून उरलंच नव्हतं. शेवटी संचालकांनीच किल्ल्या उचलून खिशात टाकल्या.

फेब्रुवारीत मी आर्वीला गेलो. कॉलेजचं थोडं काम होतं, पण ते निमित्त. मॅडम वाडीत सांभार उपटत होत्या. मला बघून उठल्या नाहीत, म्हणाल्या, "बस, धुऱ्यावर बस." मी बांधावर बसलो. त्या उपटत राहिल्या, जुड्या बांधत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता बोलल्या.

"माह्यं चुकलं, बाबू."

"काय?"

"संचालक म्हनत होते तसं नुसतं होस्टेल लिहून पाठवलं असतं, त तू तरी राह्यला असता. मले वाटलं, आपन इमानदारीनं देऊ, मंग ते समजून घेतीन. त्याईनं समजून नाई घेतलं. घेतलं फक्त."

वर्षभर मी हेच वाक्य त्यांना ऐकवायचं म्हणून मनात घोळवत होतो. आता त्यांनीच म्हटल्यावर मला ते खरं वाटेना.

"मॅडम, सिंदीचं काम बरं चाललंय," मी म्हणालो. खोटंच होतं.

त्यांना ते कळलं. "तुले खोटं बोलता नाई येत," त्या म्हणाल्या, "म्हनून त टिप्पनी चांगली लिवत होता तू." आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या.

मग त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "चाल, मले स्टँडवर सोड. आष्टीची गाडी आहे बाराची."

"आष्टीला काय?"

"सुवर्णाच्या बापाले भेटाचं आहे. मांगं एकदा गेलती. चहा देल्ला, पन नाई म्हने. त्याले वाटलं, सरकारी बाई आहे. आता मी सरकारी नाई ना. आता भाजीवालीच आहे. दोन भाजीवाले बोलू."

मी त्यांना गाडीवर मागं बसवून स्टँडवर नेलं. एसटी लागलेलीच होती. खिडकीजवळ बसल्या आणि लगेच कंडक्टरला परतीच्या गाडीची वेळ विचारू लागल्या. त्या गडबडीत माझा निरोप घ्यायचा राहिला. मीही थांबलो नाही. पुन्हा येऊच की, असं वाटलं.

चैत्रात त्या गेल्या. तीन दिवसांचा ताप. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. तेरवीला गेलो. त्यांचे यजमान दारातच बसले होते. आलेल्या माणसाला फक्त विचारायचे, "एसटी भेटली ना नीट?"

आष्टीच्या त्या खेपेत काय झालं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. प्रवेश सुरू झाले होते. मी मावशीकडं गेलो होतो, तिच्या पाण्याच्या टाकीचं झाकण बसवायला. दुपारी बेल वाजली. मावशीनं दार उघडलं. मी जिन्यावरून खाली बघत होतो. दारात सुवर्णा उभी होती; खांद्याला बॅग, एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. तिच्यामागं पांढऱ्या टोपीतला एक माणूस, तिचे वडील. ते घराकडे वरपासून खालपर्यंत बघत होते.

"मॅडमनं पत्ता देल्ला होता," सुवर्णा मावशीला म्हणाली. "म्हने, जूनमधी सीधी इथं येजो, कोनाले काई विचारू नको. वर एक खाट खाली आहे म्हने. आहे ना?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, हो अशी की नाही अशी, मला सांगता येणार नाही.

"आहे," मावशी म्हणाली. "आत या."

वडील आत आले, चपला नीट जोडून ठेवल्या आणि खुर्चीच्या काठावर बसले. "त्या बाई म्हने, पोरीले वर्सभर माह्या भरवशावर ठेवा," ते म्हणाले. "दोनदा आल्या एवढ्या दूर. मले नाई म्हनवलं नाई. त्याईची गाठ पडन काय आज? मेथी आनली त्याईच्यासाठी. वाडीतली आहे."

मावशी पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेली. मी तिच्यामागं गेलो. ती माठाजवळ पाठमोरी उभी होती, रिकामा गडवा हातात तसाच.

"आधी जेवू दे त्यांना," ती हळूच म्हणाली. "सकाळपासून निघाले असतील."

मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि परातीत कणीक घेतली.